एका हाताचा चुडा

पातेल्यातलं पाणी कोमट झालं, तरी गंगासागरनं हात बाहेर काढले नव्हते. चैताची पहाट होती. मोरीच्या खिडकीतून वडवणीच्या बाजूचा पहिला कोंबडा ऐकू आला, मग दुसरा. घरात अजून कोणी उठलं नव्हतं. तिला मात्र रोज सगळ्यांच्या आधी उठावं लागे. संधिवातानं वाकडी झालेली बोटं जागी व्हायला वेळ घेत, आणि ती जागी होईस्तोवर बाईनं जागं होऊन काही उपयोग नसे.

जात्याचा खुंटा हातातून सुटला त्याला बरीच वर्षं झाली. ओव्या काही सुटल्या नव्हत्या. त्या आता पाण्यापाशी येत.

*पहाटंच्या गं पाऱ्यात, बोटांची झाली मोळी*
*एक एक काडी माझी, ऊन पाण्यानं मोकळी*

आज पाण्यात तिनं जास्तीचं मीठ टाकलं होतं. आज लेकीचा, रुद्राणीचा चुडा होता. लेकीनं हिरव्या बांगड्या भरल्या, की तिच्या मांडीला मांडी लावून आईनं भरायच्या, ही रीत. गंगासागरच्या उजव्या मनगटात एकच बांगडी उरली होती. रुद्राणी शाळेत जायला लागली त्या वर्षी भरलेली, रंग उडून पाण्यासारखी झालेली. सांधे सुजले आणि ती हाताच्या आत अडकून राहिली. नवी आत जाईना, जुनी बाहेर येईना. डाव्या हातात नुसता हिरवा दोरा. गेल्या बाजाराला तिनं वनमाला कासारणीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सगळ्यात मोठ्या मापाच्या आण. म्हशीच्या शिंगात जातील अशा." वनमाला हसली होती. पण आणते म्हणाली होती.

"झालं का पाणी?" दारात केशरबाई उभी होती. थोरली जाऊ. गंगासागरचे हात गेल्यापासून हे घर तिच्याच हातावर चाललं होतं.

"व्हतंय. करंगळी रुसली हाय अक्का. बाकीच्या चौघी नटून बसल्यात."

केशरबाई हसली नाही. पदर सावरून ती पाटावर टेकली. तिची मनगटं मोकळी होती. तिचे मालक योगीराज गेले तेव्हापासूनची.

"गंगा, ऐक. आज तू मधल्या खोलीत बस."

"कावून?"

"आष्टीहून विहीण रुक्मिणीबाई येणारंय. संगं तिच्या दोघी जावा. साखरपुडा माघात झाला, शालीखाली हात झाकून गेले. आता या उन्हात शाल कशी घेशील? ताप आलाय म्हणून सांगते मी."

"मला कुठं आलाय ताप? यायचा असता तर आधी मला सांगितलं असतं त्यानं."

"चेष्टा नको करू."

"मग काय करू अक्का? चेष्टा तेवढी बिनदुखता व्हती माझी." गंगासागरनं हात पाण्याबाहेर काढले. ते निथळत राहिले, लिंबाच्या वाळल्या डहाळीसारखे. "कुनी ठरवलं ह्ये?"

केशरबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"भावजींनी."

गंगासागरनं पुन्हा हात पाण्यात घातले. पाणी थंड झालं होतं.

पुढच्या खोलीतल्या कापडदुकानात गंगासागरचा नवरा वैजिनाथ सुरतेच्या साड्यांची चळत उगाच खालीवर करत होता. हल्ली गिऱ्हाईक सुती लुगड्याकडं बघतही नसे. टीव्हीत बघितलेल्या साड्याच मागायचं. समोर सुग्रीवनं पिवळा एसटीडीचा डबा टाकला होता, तिथं सकाळपासून रांग. गाव बदलत चाललं होतं आणि त्याला ते आवडतही होतं. जावईसुद्धा त्यातूनच मिळाला होता. संगमेश्वर वाळूजच्या नव्या कंपनीत लागला होता, दोन खोल्या, नळाचं पाणी. पोरगी रानात वाकणार नाही, उखळापाशी बसणार नाही. बापाला आणखी काय पाहिजे?

रुद्राणी चहा घेऊन आली. कप बशीत न ठेवता दोन्ही तळव्यांत धरून आणला होता. चटका बसत असेल, त्याला वाटलं.

"अप्पा, आईला आत बसवायचं तुमी सांगितलं?"

"आजच्या दिवस. मग हाईच की ती."

"आज न्हाई तर मग कवा? लग्नात काय सांगणार? आईला ताप, पाठवणीला आईला ताप. माझी आई हाय का न्हाई असं विचारतील लोक."

"लग्नात घाई असती. कुनी हाताकडं बघत न्हाई. बांगड्या भरताना मात्र हाताकडंच बघतेत." त्यानं आवाज खाली आणला. "औरंगाबादच्या डॉक्टरनं मला काय सांगितलं व्हतं तुला म्हाईत न्हाई. ह्ये दुखणं जात न्हाई म्हणाला. आन कधी कधी रक्तातून पुढं जातं म्हणाला. पाव्हण्यांना एवढं कळलं तर पुरं."

रुद्राणीनं हात पदराखाली घेतले.

"आईला म्हाईत हाय का ह्ये? रक्ताचं?"

"मी कुनालाच न्हाई सांगितलं."

ती गेल्यावर वैजिनाथ कितीतरी वेळ चहा न पिता बसला. सुरुवातीला त्यानं काही कमी केलं नव्हतं. बीड, परळी, औरंगाबाद, कुठल्या तरी गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलता, कपिलधारच्या धबधब्याखाली तिला धरून उभा राहिलता. प्रत्येक वेळी परतीच्या गाडीत ती म्हणायची, बरं वाटतंय जरा. ते खोटं होतं हे दोघांनाही कळायचं. मग एके दिवशी तो थकला. बायकोशी बोलताना तिच्या तोंडाकडं बघायचं, हातांकडं बघायचं नाही, अशी त्यानं नजरेला सवय लावून घेतली. ती मात्र थकली नव्हती, आणि त्याला तिचा रागच यायचा कधीकधी. एवढं मोडूनही ही बाई विनोद कुठून आणते?

उन्हं डोक्यावर यायच्या आत आष्टीची जीप आली. बैठकीत सतरंजी पडली. वनमाला कासारणीनं टोपली सोडली आणि हिरव्या काचांचा आवाज घरभर पसरला. केशरबाईनं पाव्हण्यांना पाणी दिलं, गूळ दिला, "आमच्या जावेला ताप आलाय, पडून हाय बिचारी" हे एकाच दमात सांगितलं आणि मधल्या खोलीत येऊन पडदा ओढून घेतला. सवाष्णींच्या पंगतीत तिचंही काम नव्हतं.

गंगासागर भिंतीला टेकून बसली होती. डाव्या तळव्यात गळ्यातून काढलेलं इष्टलिंग होतं. सकाळची पूजा राहिली होती ती आता करत होती. तळवा सरळ होत नसे, त्याची खोलगट वाटी झाली होती, आणि त्या वाटीत लिंग नीट बसे. गावच्या जंगमस्वामींना ती म्हणाली होती, "सरळ हातावरनं घरंगळायचा देव. आता कसा निवांत बसलाय."

पूजा आटोपून तिनं लिंग वस्त्रात बांधलं. गाठ केशरबाईनं मारून दिली. रोजच मारून द्यायची.

"राग आला माझा?" केशरबाईनं विचारलं.

"तुमचा कशाला यील? तुमी पन आतच हाव की."

"मला सवय हाय. मला कुनी ताप बी लावत न्हाई. मोकळ्या हाताची बाई उठून गेली तर कुनी विचारत न्हाई कुठं गेली म्हणून." केशरबाईनं भिंतीला डोकं टेकलं. "पहिल्या वर्षी लई रडले मी. आवाज आला काचेचा की कान झाकून बसायचे."

बाहेर आष्टीची एक जाऊ काहीतरी म्हणाली, बाकीच्या हसल्या.

गंगासागर हळू आवाजात म्हणाली, "अक्का, एक सांगू? कुनाला बोलले न्हाई. माघापासून बघते मी. रुद्रा सकाळची कप तळव्यांत धरती. बोटं मिटवत न्हाई. चुलीपुढं बसती तवा हात धगीला धरून बसती, आन मी आले की मागं घेती."

केशरबाईनं पडद्याची कड ओढून नीट केली.

"अक्का?"

"मला म्हाईत हाय," केशरबाई म्हणाली. "पिठाचा गोळा तिच्या हातात राहात न्हाई सकाळी. दिवाळीपासून. तुला का आत बसवलं मग मी? भावजींचं नाव घेतलं, पन त्यांना मीच सांगितलं तसं. तुझा हात आन तिचा हात एका सतरंजीवर आले, तर आंधळीला बी दिसंल. एकच हात हाय तो, गंगा. एक नवा, एक जुना."

गंगासागरला वाटलं, आपल्याला लपवताहेत म्हणून सकाळपासून जे दुखत होतं ते किती हलकं होतं. हे वजन निराळंच होतं. आता आत बसणं तिला सोपं वाटू लागलं. लेकीसाठी तर जन्मभर बसली असती. लग्न होऊन जाऊ दे. पुढचं पुढं.

तेवढ्यात बाहेरून वनमालाचा आवाज आला. "सोड की हात, पोरी. सैल सोड. एवढा कडक कावून धरलायस?"

रुद्राणी हात कडक धरत नव्हती. डावा भरून झाला होता. कसाबसा, ओठ चावून. उजवा मात्र सकाळपासूनच ऐकत नव्हता. वनमालानं तेल लावलं, बोटं एकत्र केली आणि आंगठ्याच्या मुळाशी दाब दिला तशी तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. सासूनं आणलेल्या बांगड्या होत्या, अक्षतांच्या ताटात मांडून. त्यातली एक तडकली. मग दुसरी.

"माप तर साखरपुड्यालाच घेतलं व्हतं," रुक्मिणीबाईंची धाकटी जाऊ म्हणाली.

"उन्हानं हात सुजतेत," वनमाला म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

रुक्मिणीबाईंनी पुढं होऊन रुद्राणीचा हात हातात घेतला. मायेनं घेतला. आंगठ्यानं एक एक सांधा चाचपला, जोंधळ्याचं कणीस भरलंय का पाहावं तसा. मधल्या बोटाशी त्या थांबल्या. "दुखतं का गं?"

"न्हाई," रुद्राणी म्हणाली, आणि रडू फुटलं.

"हळदीची पूड कांडली काल, म्हणून…" पडद्यातून केशरबाई घाईनं बोलत आली. पण तिच्या मागून गंगासागर आली होती. ती सतरंजीच्या कडेला थांबली, गुडघे सांभाळत खाली बसली, लेकीच्या मांडीला मांडी लावून. आणि दोन्ही हात पदराबाहेर काढून रुक्मिणीबाईंपुढं ठेवले.

"ताप न्हाई मला, विहीणबाई. ह्ये हाय."

आष्टीच्या दोघी जावा पुढं झुकून बघू लागल्या.

"माघात बी हेच व्हतं. शालीत व्हतं. पोरीचं लगीन व्हावं म्हणून झाकलं. चूक झाली. पन तिला दुखत असताना न्हाई म्हणून रडायला लावायचं, ह्ये मला बघवंना. मी तसंच केलं सगळी वर्सं."

"पोरीला बी?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"न्हाई म्हणाया धजत न्हाई. हाय म्हणाया जीभ वळत न्हाई. दाखवू डॉक्टरला. आता लौकर औषध मिळतं म्हणतेत, माझ्यागत व्हायची न्हाई कदाचित." गंगासागरनं दम घेतला. "आन माझ्यागत झाली तरी, मी काय मेले न्हाई. जेवते, हसते, भांडते. विचारा आमच्या अक्काला. भांडायला तर हात लागतच न्हाईत."

कोणी हसलं नाही. रुक्मिणीबाई त्या हातांकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत तिटकारा नव्हता, हे रुद्राणीनं पाहिलं. आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

"आमच्या मालकांना लकवा झालता," रुक्मिणीबाई हळू बोलल्या. "लई वर्सं अंथरुनात व्हते. मीच भरवलं, मीच धुतलं. मला कुनी सांगू नये दुखणं काय असतं. आन म्हणूनच, विहीणबाई…" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तिकडं माझं पोरगं एकटं असणारंय. घरी विचारते. फोन करते सांजच्याला."

ताटातल्या उरलेल्या बांगड्या त्यांनी उचलल्या नाहीत. डाव्या हातातल्या भरलेल्या बांगड्यांवरून एकदा हात फिरवला आणि उठल्या. जीप धुरळा उडवत गेली.

वनमाला गप गप टोपली बांधत होती.

"बांधती कावून?" गंगासागर म्हणाली. "माझं राहिलंय की."

"वैनी, आज नको. तुमचा हात…"

"आणल्यास न्हवं मोठ्या मापाच्या? भर मग."

केशरबाई आत गेली, तेलाची वाटी घेऊन आली आणि गंगासागरच्या मागं बसून तिला पाठीनं आधार दिला. पहिली बांगडी फुटली. दुसरी फुटली आणि आंगठ्यापाशी रक्ताचा थेंब आला. तिसरी गेली. जुनी पाणीरंगी बांगडी आणि तिच्याशेजारी नवी हिरवीगार. गंगासागरच्या कपाळावर घाम होता. तोंडातून आवाज आला नव्हता. मागं टेकलेल्या केशरबाईच्या अंगाला मात्र तिची थरथर सगळी कळली होती.

दिवे लागणीला सुग्रीव दुकानाच्या पायरीशी आला. "वैजिनाथअप्पा, आष्टीचा फोन. धरून ठेवलाय."

वैजिनाथ परत आला तेव्हा चपला काढायचं विसरून तसाच घरात आला.

"काय म्हणल्या?" केशरबाईनं विचारलं.

"पोराला कंपनीत सुट्टी मिळंना म्हणतेत. पुढं बघू म्हणल्या. दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर म्हणजे काय, हे त्या खोलीत कोणाला सांगावं लागलं नाही.

"झालं समाधान?" तो गंगासागरवर फिरला. पहिल्यांदाच, कितीतरी वर्षांनी, तिच्या हातांकडं बघत. "आत बसली असतीस एक दिवस तर काय गेलं असतं? मी काय तुझ्या वाईटावर हाय? पोरीच्या जन्माचं वाटोळं केलंस तू!"

गंगासागरलाही दुपारपासून तेच वाटत होतं.

"भावजी, बास," केशरबाई म्हणाली. "आत बसवायचं मी सुचवलं. बोलायचं तर मला बोला. फसवून दिली असती तर तिथं दोन खोल्यांत एकटी कण्हत बसली असती. सकाळचा कप बी धरून देणारं कुनी नसतं."

"वैनी, तुमी बी?"

"मी बी."

वैजिनाथ दारात उभा राहिला, मग दुकानात गेला. फळ्या लावल्याचा आवाज आला. एक, मग बऱ्याच वेळानं दुसरी.

रुद्राणी कोपऱ्यात डाव्या हातातल्या बांगड्या ओढत होती. सासरचा चुडा, आता ठेवून कसं चालेल? तेल लावलं, साबण लावला. दुपारच्या ओढाताणीनं सांधे आणखी सुजले होते. बांगड्या आंगठ्याच्या मुळाशी येऊन थांबत.

"निघंनात, मोठीआई. फोडा तुमी."

केशरबाई चटकन मागं सरली.

"न्हाई. माझ्या फोडल्या तवाचा आवाज अजून हाय माझ्या कानात. या घरात परत न्हाई. सूज उतरली की निघतील."

"आन न्हाई उतरली तर?"

केशरबाईनं गंगासागरकडं पाहिलं.

पहाटे कोंबडा आरवला तेव्हा रुद्राणी जागीच होती. बोटं अंथरुणात तशीच आखडून पडलेली, कुणा दुसऱ्याची असल्यासारखी. ती अंधारात उठून मोरीपाशी आली. आई बसली होती. आज चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं, पाव्हण्यांच्या स्वयंपाकासाठी काढलेलं.

"उचलून घे," आई म्हणाली. "मला एकटीला न्हाई उचलत."

"मला बी न्हाई उचलत."

दोघींनी मनगटं पातेल्याच्या काठाखाली अडकवली, चार आखडलेले हात, आणि पातेलं हिंदकळत, सांडत खाली आलं. गंगासागरनं मीठ टाकलं. रुद्राणी बघत राहिली.

"लई कडक वाटलं तर सांग. आधी आंगठा घालायचा. तो आधी उठतो. करंगळीच्या नादी लागायचं न्हाई, ती शेवटी येती, आन रुसून येती."

"आई, मला लगीन करायचं व्हतं गं."

"म्हाईत हाय बाई."

"तू बाहेर आली नसतीस तर झालं असतं."

"झालं असतं," गंगासागर म्हणाली.

रुद्राणीनं हात पाण्यात घातले. डाव्या हातातल्या हिरव्या काचा पाण्याखाली गेल्या आणि तिथं नुसता हिरवा उजेड राहिला. त्याच्या शेजारी आईचे हात आले. वाफेत कुठला कोणाचा ते दिसेना. बऱ्याच वेळानं आई पुटपुटली, मुलीला ऐकवायला नव्हे, रोजच्या सवयीनं:

*माझ्या लेकीच्या हाताला, नको माझी गं सावली*
*पाण्यामंदी पाहिली गं, लेकीमंदी माउली*

"उठला का आंगठा?" तिनं विचारलं.

"अजून न्हाई."

"राहू दे हात. पाणी हाय अजून ऊन."